तीन लाख अकरा हजार

बॉनेट उघडायच्या आधी मी चाकाजवळ बसले,
सवयीनं. मी नालबंद,
कुठलंही जनावर पायाकडून वाचत वर जाते.
पुढचा डावा टायर आतून झिजलेला,
म्हणजे गाडी एका बाजूला ओढते,
नाल सैल झालेल्या घोडीसारखी.

आयनार हाल्वर्सन खिशात हात घालून उभा.
जॉर्डन गावापासून अकरा मैल आत, मार्चचा वारा,
कुंपणाच्या तारेत अडकलेलं गवत शिट्टी वाजवतंय.
"तीन लाख अकरा हजार मैल," तो म्हणाला,
मी विचारण्याआधीच,
जशी काही माणसं दारातच सांगून टाकतात
की ऐकायला कमी येतं.

घोड्याचं वय दातांत असतं.
विकणारा काहीही सांगो, ओठ वर करून बघायचं.
पिकअपला दात नाहीत, तेलाची काडी आहे.
ओढली, पुसली, घातली, परत ओढली:
तेल मधासारखं, ताजं.
फारच ताजं. पाहुणे येणार म्हणून
सकाळीच पुसलेल्या ओट्यासारखं.

खाली सरपटले. गंज आहे, पण वरवरचा.
गिअरबॉक्सच्या कडेला ओल.
थेंब नाही, ओल.
माझी ऐरण, भट्टी, गॅसची टाकी, नालांच्या पेट्या,
सगळं मिळून नऊशे पौंड, रोज.
आणि बँकेत चार हजार दोनशे डॉलर,
त्यातले सातशे माझ्या दाढेचे.

डॅशबोर्डच्या कप्प्यात वही निघाली.
निळी शाई, बारीक सरळ अक्षर:
तारीख, मैल, तेल, फिल्टर, कधी एखादा शेरा.
"उणे चाळीस. तरी पहिल्या किल्लीत सुरू."
"हरीण. दिवा बदलला."
दर चार हजार मैलांना एक ओळ,
चुकूनही पाच नाही.
मग दोन लाख चौऱ्याऐंशी हजारांवर अक्षर थांबतं.
पुढची ओळ मोठी, वाकडी, दुसऱ्याच हाताची:
तीन लाख दोन हजार.

तेल न बदलता
अठरा हजार.

मी वही त्याच्यापुढे धरली. बोट ठेवलं नाही.
त्यानं चष्मा शोधला नाही, पान ठाऊक होतं.
"बिलिंग्सचं हॉस्पिटल," तो म्हणाला. "दर आठवड्याला,
जाऊन येऊन साडेतीनशे. वर्षभर.
वही लव्हर्न लिहायची."
मग वाऱ्याकडे पाठ करून,
"येताना ती झोपायची, म्हणून रेडिओ बंद.
इंजिनाचा आवाज ऐकत यायचो. बरा होता."

आता या माहितीचं मी काय करू?
बेअरिंगला दुःख कळत नाही,
त्याला जळकं, काळं, दाट तेल तेवढं कळतं.
माझ्या घशाशी जे आलं
त्याचा सिलिंडरच्या दाबाशी काही संबंध नाही,
हे मी स्वतःला दोनदा बजावलं.
लंगडी घोडी सरळ चालवणं माझं काम,
पण गोळी घाला, असंही सांगितलंय मी. तीनदा.
मालक रडत असताना.

तरी वही त्यानं चुलीत घातली नव्हती.
सहज घालता आली असती.

किल्ली फिरवली. गार इंजिन, वरून टकटक.
मी मोजत राहिले. नऊ, दहा, अकराव्या सेकंदाला थांबली.
"साडेतीन हजार," मी म्हणाले.
मागितले होते साडेचार.
तो लगेच "बरं" म्हणाला, आणि तेच मला खुपलं.
थोडी घासाघीस केली असती
तर माझंही मन थोडं घट्ट झालं असतं.

"रविवारी कळवते."
त्यानं मान डोलावली. वही हातात घेऊन
कप्प्यापाशी गेला, थबकला.
"ही गाडीबरोबरच जाते ना?
रीत काय आहे?"
सकाळपासून पहिल्यांदा मला उत्तर येईना.

परतताना मी रेडिओ बंद ठेवला,
माझ्या गाडीचं इंजिन ऐकत आले.
ते काही फारसं बरं नव्हतं.